उम्मीचा डावा पाय

करकना बेट,
२० नोव्हेंबर १९९६

शाद्ली, खूया, माझ्या भावा,

हे पत्र मोन्जीच्या टॅक्सीतून पाठवते आहे. तो सफाकसहून त्रिपोलीपर्यंत जातो, पुढे अजदाबियाला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देईन म्हणाला. वाचण्याआधी जरा बस. उम्मी जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आणि मी लिहीत असताना पलीकडून सांगते आहे की अक्षर मोठं काढ, पोराच्या डोळ्यांत वाळू गेली असेल.

उम्मी पडली. ओहोटीला शिंपल्या वेचायला गेली होती. किती वेळा सांगितलं, चौऱ्याहत्तर वर्षांची झालीस, आता घरात बस. मी शिवणयंत्रावर होते, लग्नाचा झगा द्यायचा होता. ती बादली घेऊन निघाली हे मला कळलंसुद्धा नाही. परत येताना शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि ती डाव्या अंगावर आपटली. शेजारच्या खाल्ती तराकीने आरडाओरडा केला म्हणून माणसं धावली. मी पोचले तेव्हा डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि उजव्यापेक्षा आखूड दिसत होता. तेव्हाच मला कळलं की हे साधं लचकणं नव्हे.

वारा होता, लूद बोट सुटली नाही. रात्र तशीच काढली. सकाळी तिला गाढवगाडीत गादीवर घालून धक्क्यावर नेलं आणि तिथून बोटीने सफाकसला. मांडीचं हाड वरच्या टोकाशी, कमरेच्या सांध्याच्या जरा खाली मोडलं आहे. तिथल्या तरुण डॉक्टरने ऑपरेशन केलं. एक जाड स्क्रू हाडाच्या गोळ्यात घातला आणि तो धरून ठेवायला मांडीच्या बाजूने पट्टी ठोकली. हे मी माझ्या भाषेत लिहिते आहे, त्याने फ्रेंचमध्ये बरंच काही सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यानेच तिला वॉकर धरून उभं केलं. म्हणाला, सोसेल तेवढा भार टाका, चाला, बसून राहू नका.

काल घरी आणलं. उम्मी म्हणते, लिही: "तुझ्या बापाने लग्नात अंगावर घातला नाही तेवढा धातू आता माझ्या अंगात आहे."

तू काळजी करू नकोस. तू येऊ शकत नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे.

वसीला


अजदाबिया,
९ डिसेंबर १९९६

लल्ला वसीला,

पत्र ड्रायव्हरने माझ्या हातात न देता स्वयंपाक्याजवळ ठेवलं होतं, त्याने ते पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि विसरला. म्हणून उत्तराला उशीर. वाचून झाल्यावर मी बराच वेळ कामावर गेलो नाही. नंतर मुदीरसाहेबाकडे जाऊन रजा मागितली. तो म्हणाला, हिवाळ्यात नळाचं काम थांबवता येत नाही, एप्रिलमध्ये मोठ्या ईदला जा. फोन त्याच्या खोलीत आहे आणि तिथे तो समोर बसून राहतो. दोन मिनिटांत माणूस रडेल की बोलेल. त्यापेक्षा पत्र बरं.

उम्मी, आता तू ऐक. बादली मी घरी आल्यावर फेकून देणार आहे. शिंपल्या पाहिजेत तर बाजारातून आण. तू समुद्राची मालकीण नाहीस.

लल्ला, एक गोष्ट मात्र मला खटकते. तिसऱ्या दिवशी उभं केलं, हे कसं? मी वीस वर्षं जोडाची कामं करतो आहे. नळाला नळ जोडला की आम्ही लगेच पाणी सोडत नाही. जोड थंड होऊ देतो, बसू देतो, मग थोडा थोडा दाब वाढवतो. घाई केली की जोड सुटतो, आणि सुटला की पहिल्यापेक्षा वाईट होतो. लोखंडाचं हे असं आहे तर म्हाताऱ्या हाडाचं काय असेल. डॉक्टर पोरगा तरुण आहे असं तूच लिहिलंस. त्याला खाट मोकळी करून हवी असेल. तू तिला जरा निजू दे. दोन-तीन महिने निजली तर काय बिघडणार आहे? जन्मभर कधी बसली नाही ती.

तिच्यासाठी एक घोंगडी पाठवतो आहे, उंटाच्या लोकरीची. जड आहे, पण उबदार आहे.

शाद्ली


करकना,
२९ डिसेंबर १९९६

शाद्ली,

घोंगडी पोचली. उम्मीने वास घेतला आणि म्हणाली, "उंट अजून आतच आहे." पण रात्री तीच पांघरते.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. जोडाचं आणि पाण्याच्या दाबाचं ऐकून ती म्हणाली, "त्याला सांग, मी पाण्याचा नळ नाही. माझ्यातून पाणी जात नाही, मीच पाण्याकडे जाते." मग वॉकर ओढून उठली, केवळ तुला दाखवायला, जणू तू दारातच उभा आहेस.

खरं सांगू? मीही डॉक्टरला तुझं म्हणणं विचारलं. टाके काढायला गेलो तेव्हा. तो म्हणाला, चालणं हेच औषध आहे. मग मी तिला अडवलं नाही. आता ती अंगणात जाते, कुंपणापर्यंत जाते. परवा खाल्ती तराकीकडे बायका ऑक्टोपस कुटायला जमल्या होत्या, तिथेही गेली. कुटायला बसता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून सगळ्यांना शिकवत होती, असं नाही गं, आधी डोकं उलटं कर, दगडावर आपट, मग मीठ. तराकी म्हणाली, "मब्रूका, पाय मोडला तुझा, जीभ का नाही मोडली?" सगळ्या हसल्या. उम्मीसुद्धा.

घरी येताना मात्र ती मध्येच थांबली. जांघेत ओढ लागते म्हणाली. मी तेल चोळून दिलं. इतकं चालल्यावर ओढ लागणारच.

रमजान जवळ आला. डॉक्टरने तिला उपास करू नको म्हणून सांगितलं आहे. ती म्हणते, "देवाशी माझं मी बघते, तू तुझं बघ." यावरून आमचं रोज भांडण.

वसीला


करकना,
२७ जानेवारी १९९७

शाद्ली,

तुझ्या उत्तराची वाट बघून लिहिलं असतं, पण आता थांबवत नाही.

ती जांघेतली ओढ गेली नाही. आधी चालताना, मग उठताना, मग कूस बदलतानाही दुखायला लागलं. मला वाटलं थंडीमुळे असेल. मग एका सकाळी तिने दोन्ही पाय सरळ केले आणि मला दिसलं की डावा पाय पुन्हा आखूड झाला आहे. मी टाचेला टाच लावून बघितली. उम्मी माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "किती?" मी म्हटलं, काही नाही, तू वाकडी झोपली आहेस.

सफाकसला नेलं. एक्स-रे काढला. शाद्ली, मला त्यातलं कळत नाही, पण हे कुणालाही कळलं असतं. तो स्क्रू हाडाच्या गोळ्यातून वर निघून पार बाहेर आला आहे, सांध्याच्या खोबणीत घुसतो आहे. मोडला नाही, वाकला नाही, जसाच्या तसा आहे. हाडच फाडून बाहेर आला.

त्या तरुण डॉक्टरने बराच वेळ फोटो उजेडात धरला. मग मला विचारलं, "फार चालल्या का?" एवढंच. तुम्हीच चाला म्हणून सांगितलं होतं, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, जरा चालल्या."

आता दुसऱ्या डॉक्टर आहेत, वयाने मोठ्या, लमिया नावाच्या. त्या पुन्हा ऑपरेशन करणार आहेत. सगळं लोखंड काढायचं, हाडाचा गोळाही काढायचा आणि त्या जागी धातूचा बसवायचा. ईद झाली की लगेच.

गावात बातमी पसरली. तराकी भेटायला आली तेव्हा सहज म्हणाली, "त्या दिवशी तिला माझ्याकडे चालवत आणायला नको होतंस गं." तिच्या मनात काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण रात्रभर तेच वाक्य कानात राहिलं.

उम्मीने आज काही लिहायला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "लिही, बरी आहे."

वसीला


अजदाबिया,
११ फेब्रुवारी १९९७

लल्ला,

ईद मी खोलीत काढली. सगळे जेवायला गेले, मी तुझं पत्र घेऊन बसलो.

मी लिहिलं होतं. डिसेंबरातच लिहिलं होतं. तू माझं पत्र तिला वाचून दाखवलंस, सगळ्यांनी हसून घेतलं. लोखंड मला कळतं, लल्ला. चांगला बोल्ट उगाच निघत नाही. तो निघतो, कारण त्याच्यावर वेळेआधी भार पडतो. तुझा स्क्रू मोडला नाही, वाकला नाही, असं तूच लिहिलंस. म्हणजे माल चांगला होता. मग राहिलं काय? तू तिला चालवलंस. अंगणात, कुंपणापर्यंत, तराकीकडे ऑक्टोपस कुटायला. ऑक्टोपस कुटायला, लल्ला.

तिला दुखत होतं आणि तू तेल चोळत होतीस.

मला माहीत आहे तू एकटी आहेस. तुझा नवरा गेला तेव्हापासून तूच तिचं सगळं करतेस, मी इथून नुसती पत्रं लिहितो. पण म्हणूनच तर सांगतो, तिथे बघणारी तू एकटी आहेस.

आता ऐक. दुसऱ्या ऑपरेशननंतर ती खाटेवरून उतरणार नाही. डॉक्टर काहीही म्हणोत. डॉक्टर एकदा चुकले, दुसऱ्यांदा चुकायला आपल्याकडे उम्मी एकच आहे. एप्रिलच्या मध्यावर मी येतो, मी स्वतः तिला धरून उठवीन. तोवर तिचा पाय जमिनीला लागता कामा नये. तू तशी शपथ घे आणि मला कळव. पुन्हा काही झालं तर ते तुझ्या मानेवर असेल, हे मी रागाने लिहीत नाही, विचार करून लिहितो आहे.

शाद्ली


करकना,
५ मार्च १९९७

शाद्ली,

ऑपरेशन चांगलं झालं. रक्त द्यावं लागलं. नवा गोळा बसवला, तो आत सिमेंटने पक्का केला आहे म्हणे. पाय दोन्ही सारखे झाले. शुक्रवारी घरी आणलं.

तू म्हणालास तशी शपथ मी घेतली आहे. हॉस्पिटलात एक मुलगी तिला उठवायला आली होती. मी म्हटलं, आज नको, दमली आहे, घरी करून घेऊ. खाट खिडकीपासून आत घेतली, म्हणजे बाहेर बघून तिला उठावंसं वाटणार नाही. वॉकर मी तराकीकडे ठेवून दिला. सगळं खाटेवरच करते, जेवण, अंघोळ, सगळं. तिला तू काय लिहिलंस ते सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे असं म्हटलं.

ती चिडते. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "तू मला मूल समजतेस का?" काल म्हणाली, "तू मला कैदी समजतेस का?" आज काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. जेवण अर्धं ठेवते. पण पाय जागेवर आहे, शाद्ली, मी रोज टाचेला टाच लावून बघते. सारखे आहेत.

झग्यांची कामं मी परत केली. तिला सोडून यंत्रावर बसवत नाही.

तू लवकर ये.

वसीला


अजदाबिया,
२४ मार्च १९९७

लल्ला वसीला,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. शाब्बास. मागच्या पत्रात मी जास्त बोललो असेन, मनात ठेवू नकोस. माझा धीर सुटला होता. तिकडे बसून तू जे करते आहेस ते माझ्याने झालं नसतं.

ती चिडते, तर चिडू दे. चिडते म्हणजे अंगात ताकद आहे. भूक नाही म्हणतेस, तर पडून राहणाऱ्या माणसाला भूक कमीच लागते. थोडं सूप दे.

रजा मंजूर झाली. पंधरा एप्रिलला निघेन, सोळाला रात्रीपर्यंत पोचेन. आणि मी काय केलं आहे ते सांगतो. इथे उरलेले नळाचे तुकडे होते, मुदीरला विचारून घेतले. त्यांचा कठडा केला आहे, तिच्या कमरेच्या उंचीचा, तिच्या खाटेपासून दारापर्यंत बसेल असा. टोकं घासून गुळगुळीत केली, हाताला लागू नयेत म्हणून. मी आलो की भिंतीत ठोकून देतो. मग ती त्याला धरून हळूहळू चालेल, घाई नाही. तिला हे सांग. सांग की समुद्रसुद्धा दाखवतो, पण बादलीशिवाय.

ती काही म्हणाली तर लिहून पाठव. तिच्या तोंडचं वाक्य पत्रात नसलं की पत्र रिकामं वाटतं.

तुझा शाद्ली


सफाकस,
४ मे १९९७

लल्ला,

लूदमधून उतरल्यावर सरळ टॅक्सीतळावर जायचं होतं, पण गेलो नाही. हे पत्र इथल्या कॉफीघरात बसून लिहितो आहे. तुझ्यासमोर बोलायला हवं होतं. जवळजवळ तीन आठवडे आपण एका घरात होतो, आणि आल्यागेल्यांना कॉफी देण्याखेरीज काही बोललो नाही. तू मला एकदाही काही म्हणाली नाहीस.

तार मिळाली तेव्हा मी कठडा गाडीवर बांधत होतो. पोचलो तेव्हा तिला मातीत ठेवून तिसरा दिवस होता. छातीत न्यूमोनिया झाला, पाठीला जखम झाली होती, शेवटी श्वास लागला, एवढं तराकीने सांगितलं. मी ते ऐकून घेतलं, आणि मनात एकच होतं, की पहिल्या वेळी ते लोखंड का सुटलं. तिथूनच सगळं सुरू झालं. म्हणून आज त्या डॉक्टर लमियांकडे गेलो. भांडायला गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

त्यांनी दोन्ही एक्स-रे काढून काचेवर लावले. म्हणाल्या, "तुम्ही काम काय करता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला लवकर कळेल. बोल्ट चांगला, पण भिंत पोकळ, तर काय होईल?" मी म्हटलं, बोल्ट भिंत फोडून येईल. "तेच झालं. तुमच्या आईच्या हाडाचा गोळा आतून जुन्या स्पंजसारखा होता. या वयाच्या पुष्कळ बायकांचा असतो. अशा हाडात स्क्रूला धरायला एकच बरी जागा असते, अगदी मधोमध आणि अगदी खोल. हा बघा, हा वरच्या बाजूला गेला आणि उथळ राहिला." मग बोट खाली आणलं. "आणि इथे आतल्या कोपऱ्यात हाडाचा चुरा झाला होता. तिथला आधार गेला. हाड बसवताना ते थोडं आत झुकलेलं बसलं. बोटभरसुद्धा नाही. पण झुकलेल्या हाडावर प्रत्येक वेळी भार येतो तो स्क्रूला वर ढकलतो."

मी विचारलं, म्हणजे डॉक्टरची चूक? त्या म्हणाल्या, "चार तुकडे, हलकं हाड, एक रात्र उशीर, टेबलावर कमी उजेड. मी असते तर कदाचित बरं बसवलं असतं. कदाचित माझ्याही हातून निसटलं असतं. माझ्याही हातून असे सुटले आहेत."

मग मी ते विचारलं. म्हटलं, ती चालली नसती तर?

लल्ला, त्या म्हणाल्या, "खाटेवर पडल्या पडल्या कंबर उचलून माणूस भांड्यावर बसतो ना, तेव्हाही त्या सांध्यावर वॉकर धरून चालण्याइतकाच भार येतो. कधी जास्तच. त्या वर्षभर पडून राहिल्या असत्या तरी तो स्क्रू निघाला असता. चालण्याने काही झालं नाही. आम्ही स्क्रू घालतो तेच मुळी म्हाताऱ्या माणसाला उठवता यावं म्हणून. त्या वयाचं माणूस पडून राहिलं की छाती भरते." आणि मग म्हणाल्या, "दुसऱ्या ऑपरेशननंतर मी तुमच्या बहिणीला बजावून सांगितलं होतं, उद्यापासून उभं करा, हा गोळा निघणार नाही. तिने मान हलवली. मग घरी नेऊन का उठवलं नाही?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी टोपी घेतली आणि बाहेर आलो.

वीस वर्षं नळ जोडले म्हणून मला हाडं कळतात असं मला वाटलं. वाळवंटात बसून मला वाटलं.

मला एकच सांग. तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर मला का लिहिलं नाहीस? एक ओळ लिहायची होतीस, शाद्ली, तुझं चुकतं आहे. मी ऐकलं असतं का, ते मला माहीत नाही. तू मला माफ करशील का, हेही विचारतो आहे. लाज वाटते विचारायची, पण तुझ्याशिवाय आता कुणाला विचारू.

शाद्ली


करकना,
२६ मे १९९७

शाद्ली,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते उघडून पहिलं पान वाचलं आणि ठेवून दिलं. दुसरं पान आठवड्याने वाचलं.

का लिहिलं नाही म्हणतोस. डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा मी ऐकत होते. खरंच ऐकत होते, आणि त्याच वेळी पिशवीत तुझं पत्र होतं. एका कानाने त्यांचं, दुसऱ्या कानाने तुझं. त्यांचं ऐकून उठवलं असतं आणि पाय पुन्हा आखूड झाला असता तर त्या म्हणाल्या असत्या, हाड हलकं होतं. तू काय म्हणाला असतास? तराकी काय म्हणाली असती? न उठवण्याचं पाप कुणी माझ्या माथी मारणार नव्हतं. खाटेवर निजवून ठेवणाऱ्या मुलीला सगळे म्हणतात, किती सेवा करते. म्हणाले ना तिच्या दिवसांनाही? तू दारातच बसला होतास, तूही ऐकलंस.

माझं भय होतं ते, शाद्ली. तुझ्या पत्राने आलं, पण जागा दिली मी. त्यामुळे सगळं तू उचलू नकोस. मलाही त्यातलं माझं उचलू दे.

माफीचं आज मला सांगता येत नाही. मी तुझ्यावर रागावले आहे. सकाळी उठले की तिची खाट दिसते आणि राग येतो, तुझ्यावर, माझ्यावर, त्या तरुण पोरावर, तिच्यावरसुद्धा, की कशाला गेली होतीस शिंपल्या आणायला. दुपारपर्यंत राग उतरतो आणि मग नुसतं घर असतं. पण पत्र लिहिणं मी थांबवणार नाही, आणि तूही थांबवू नकोस. मी यंत्रावर पुन्हा बसायला लागले आहे. तराकीच्या घरून तिच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचा झगा आला आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती मी कुणाला सांगितलेली नाही. तू आलास तेव्हाही सांगितली नाही, कारण तेव्हा ती तुला द्यावीशी वाटली नाही. आता ती जितकी माझी तितकीच तुझी आहे.

मी शपथ मोडली होती. एकदा. एप्रिल लागला होता, तिला धाप लागायला लागली होती, गावातला डॉक्टर इंजेक्शन देऊन गेला होता. मलाही आतून कळत होतं. दुपारची वेळ, ऊन चांगलं पडलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वसीला, बाहेर ओहोटी लागली का?"

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"वास येतो. मला उठव."

मी म्हटलं, "उम्मी, शाद्ली आला की."

"शाद्ली येईल तेव्हा भरती असेल," ती म्हणाली. "उठव मला. नाहीतर नको उठवूस, पण मग माझ्याशी बोलूही नकोस."

मी पत्राचा विचार केला नाही. डॉक्टरीणबाईंचाही केला नाही. तिच्या काखेत हात घातला आणि उचललं. काही वजन नव्हतं राहिलं. तिने आधी उजवा पाय टेकला, मग डावा टेकला, जपून, परक्याचा असल्यासारखा. मग त्याच्यावर भार टाकला. मी डोळे मिटून घेतले होते. काही झालं नाही. पाय उभा राहिला, शाद्ली. भक्कम उभा राहिला. ती मला धरून चालली, धापा टाकत, थांबत, आणि दाराशी पोचून चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

पाणी लांब गेलं होतं. सगळा चिखल चमकत होता. दूर तराकी वाकून वेचत होती. उम्मीने तिच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मग, कुठून आवाज आणला देव जाणे, ओरडली, "ए तराकी, तिथे काय शोधतेस? तिथे काही नाही. दगडांच्या पलीकडे जा."

तराकी सरळ झाली, कपाळावर हात धरून इकडे बघायला लागली.

मी विचारलं, "उम्मी, पाय दुखतो का गं?"

ती समुद्राकडेच बघत होती. म्हणाली, "कुठला?"

वसीला